पोरगं फुटबॉलला घालताय? मैदानावर येण्याआधी हे वाचा

गेली अकरा वर्षं मी आमच्या मैदानावर नावनोंदणीचं टेबल सांभाळते. कोल्हापुरात, रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. सहा ते सोळा वयाची नव्वदएक पोरं-पोरी, तीन सर, एक मॅडम आणि मी. सगळी मला काकू म्हणतात. माझा थोरला इथंच खेळून मोठा झाला, धाकटी अजून खेळते. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की टेबलासमोर रांग लागते आणि प्रत्येक आई-वडिलांचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात. उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून सावकाश लिहून काढलंय. फॉर्म भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचा. आजोबांनी तर नक्कीच, कारण आपल्याकडं नातवाला पहिल्यांदा मैदानावर बहुतेक तेच घेऊन येतात.

चुन्याची रेघ

मैदानाच्या कडेला आम्ही चुन्याच्या दोन रेघा मारतो. आतली खेळाची. तिच्या चार पावलं मागं दुसरी, ती पालकांची. सराव असो वा सामना, घरच्यांनी दुसऱ्या रेघेच्या मागं थांबायचं. गोलपोस्टच्या मागं कुणीही उभं राहायचं नाही. बाकीचे सगळे नियम एकीकडं आणि हा एक नियम एकीकडं, असं मी मानते.

का ते सांगते. आमच्याकडं नऊ वर्षांचा एक मुलगा होता. डावा पाय असा, की बघत राहावं. त्याचे वडील एकही सामना चुकवायचे नाहीत, आणि सामना सुरू झाला की त्यांचा आवाजही सुरू. एकदा मी अगदी जवळून बघितलं. बॉल त्याच्या पायात आला. त्यानं तो तळव्याखाली दाबला, जरासा मागं ओढला, मान वर केली. उजवीकडं त्याचा जोडीदार मोकळा उभा होता, हात वर करून. पण पोरगं त्याच्याकडं बघतच नव्हतं. ते रेघेकडं बघत होतं, बाबांकडं. बाबा ओरडले, ‘मार, मार!’ सरांनी आदल्या दिवशी दोन तास शिकवलं होतं की अशा वेळी मोकळ्या पोराला पास द्यायचा. आता कुणाचं ऐकायचं? तेवढ्या दोन सेकंदांत समोरच्यानं बॉल काढून नेला. मग वडील परत ओरडले, ‘काय करतोस रे!’ पोरानं खाली बघून बुटाखालच्या स्टडच्या टोकानं माती उकरली. त्या हंगामात मी ते माती उकरणं कितीदा बघितलं.

वडील वाईट नव्हते. पहाटे उठून, ड्युटीची वेळ बदलून यायचे. पोरावर जीव होता. मी त्यांना टेबलापाशी बसवून हेच सांगितलं, की दादा, तो बॉल घेऊन तुमच्याकडं बघतोय. पुढच्या रविवारी ते आले आणि टाळ्यांशिवाय काही केलं नाही. त्यांना ते किती जड गेलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्या माणसाचा आजही आदर वाटतो.

तर रेघेमागून काय बोलायचं? ‘शाब्बास’ बोला. ‘चांगला प्रयत्न’ बोला. दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवा, समोरच्या गोलकीपरनं चांगला बॉल अडवला तर त्यालाही. ‘मार’, ‘पळ’, ‘मागं जा’, ‘पाड त्याला’ यातलं काही नाही. बॉल कुठं मारायचा हे पोरानं स्वतः बघून ठरवायचं असतं. तेच तर शिकायला ते आलंय.

पंचांना एक शब्दही नाही. लहान गटाचे आमचे पंच बऱ्याचदा आमचीच सतरा-अठरा वर्षांची पोरं असतात, शिट्टी हातात घेऊन शिकणारी. त्यांचा निर्णय चुकू शकतो. चुकला तरी खेळ पुढं जातो. मोठ्या माणसानं भर मैदानात त्यांना झापलं तर पुढच्या रविवारी तो मुलगा शिट्टी घ्यायला येत नाही, हे मी दोनदा अनुभवलंय.

तक्रार असेल तर सामन्याच्या दिवशी करू नका. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला फोन करा, मी सरांशी भेट घालून देते. पोराला का खेळवलं नाही, हे सर सांगतील. दुसऱ्याच्या पोराला का खेळवलं, हे मात्र विचारायचं नाही.

आणि घरी जाताना गाडीवर मागं बसलेल्या पोराला सामन्याबद्दल काही विचारू नका. ते आपणहून बोलेल तेव्हा ऐका. मी माझ्या थोरल्याला एकदा मैदानापासून घरापर्यंत, अख्खी वाट, हुकलेल्या पेनल्टीबद्दल बोलत राहिले. नंतर तीन आठवडे तो ‘पोट दुखतंय’ म्हणून सरावाला आला नाही. कारण काय ते मला फार उशिरा कळलं. आता धाकटीला मी एवढंच विचारते, ‘भूक लागलीय का?’

पेठ घरी ठेवून यायचं

हा नियम बाहेरच्यांना नवल वाटेल, कोल्हापूरकरांना समजेल. आपल्याकडं फुटबॉल तालमींचा आहे, म्हणजे पेठेपेठेतल्या तालमी-मंडळांचे आपापले संघ. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी नावं घेतली की प्रत्येकाच्या घरातला एक रंग ठरलेला. शाहू स्टेडियमवर हंगामात जी गर्दी होते ती देशात फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच स्टेडियमवर समर्थकांच्या भांडणापायी सामने थांबलेले आणि स्पर्धा अर्धवट राहिलेल्याही आपण पाहिल्यात.

आमच्या मैदानावर सगळ्या पेठांची पोरं एकत्र खेळतात. म्हणून सरावाला तालमीची जर्सी नाही, झेंडा नाही, घोषणा नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तालमीच्या सामन्यावरून डिवचणारे स्टेटस, मीम काही नाही. सात वर्षांच्या पोराला ‘तू त्यांच्याबरोबर खेळतोस व्हय?’ असं घरात कुणी म्हटलं, की दुसऱ्या दिवशी ते त्या मुलाला पास देत नाही. सर लगेच ओळखतात.

वय खरं सांगायचं

फॉर्मसोबत जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचा बोनाफाईड लागतो. तिन्हीवर जन्मतारीख एकच हवी. नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही. नावाचं स्पेलिंगही तिन्हीकडं सारखं असू द्या.

दरवर्षी दोन-चार जण हळूच विचारतात, ‘एक वर्ष कमी लावलं तर चालेल का?’ नाही. माझ्या हातून तो फॉर्म पुढं जाणार नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत खेळाडूचा एकच ओळख क्रमांक तयार होतो आणि तो कायम राहतो. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय तपासलं जातं, आणि 17 वर्षांखालच्या विश्वचषकात तर 2009 पासून मनगटाचा एमआरआय करतात. 2017 साली भारतात तो विश्वचषक झाला, तेव्हा नियम साधा होता: 1 जानेवारी 2000 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळाडू. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता, जन्म 2000 सालचाच. इथल्या मैदानांवरून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि तिथून पुढं विश्वचषकापर्यंत गेला. अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात, 6 ऑक्टोबरला, आमच्या गल्लीत घराघरात टीव्ही लागले होते. त्यानंतरच्या रविवारी माझ्याकडचे फॉर्म संपले, झेरॉक्स काढायला पोराला पिटाळावं लागलं.

आणि मुळात, मोठ्या पोराला लहान गटात घातलं तर नुकसान दोघांचं. लहानग्यांना मार बसतो. मोठं पोरगं नुसत्या ताकदीवर जिंकतं, पायातलं काही शिकत नाही, आणि सोळाव्या वर्षी सगळे उंचीनं बरोबरीला आले की मागं पडतं.

फी, हजेरी आणि कोण किती खेळणार

फी महिन्याच्या 5 तारखेपर्यंत. ज्यांना जमत नाही त्यांनी मला एकटीला येऊन सांगायचं. ते दुसऱ्या कुणाला कळत नाही आणि फीसाठी आजवर एकाही पोराला घरी पाठवलेलं नाही. गप्प राहून पोराला सरावाला पाठवायचं बंद करू नका.

आठवड्यात तीन सराव, त्यातले दोन तरी व्हायला हवेत. येणार नसाल तर आदल्या रात्री ग्रुपवर एक ओळ टाका. बारा वर्षांखालच्या गटात प्रत्येक पोराला प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ खेळवतो, हरलो तरी. त्यावरच्या गटात सराव, वागणूक आणि खेळ बघून सर संघ ठरवतात. हे पहिल्या दिवशीच मान्य करून फॉर्मवर सही करा. लहान गट छोट्या मैदानावर पाच किंवा सात जणांचा खेळ खेळतो. ‘अकरा का नाहीत?’ असं विचारू नका. कमी पोरं असली की प्रत्येकाच्या पायाला बॉल जास्त वेळा लागतो, म्हणून.

दहावीच्या वर्षी सराव पूर्ण बंद करू नका एवढं माझं मत. आठवड्यातून दोनदा दीड तास पळालेलं पोरगं अभ्यासाला ताजं बसतं. निर्णय तुमचा, पण पोराला विचारून घ्या.

सामान

सुरुवातीला महागडे शूज घेऊ नका. पाय वर्षभरात एक-दोन नंबरनं वाढतो. आमचं मैदान उन्हाळ्यात दगडासारखं टणक असतं, त्यामुळं बुटाच्या तळालाच ओतलेले रबराचे किंवा प्लास्टिकचे आखूड स्टड हवेत. पिळून बसवायचे लांब स्टड इथं पाय मुरगळायला लावतात. दुकानात जाताना खेळायचे जाड स्टॉकिंग घेऊन जा, ते घालूनच माप बघा, आणि पोराला उभं करून अंगठ्यापुढं अर्ध्या बोटाची जागा आहे का ते दाबून बघा. मोठ्या भावाचे जुने शूज चालतात, तळ झिजलेला नसेल तर. लहान झालेले शूज टेबलाखालच्या पेटीत आणून टाका. त्या पेटीतून दरवर्षी वीसेक पोरांचे बूट निघतात.

नडगीवर घालायच्या शिनगार्डशिवाय मैदानात प्रवेश नाही. हा आमचा हट्ट नाही, फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम आहे. शिनगार्ड स्टॉकिंगच्या आत जातं, रुंद बाजू वर, निमुळती खाली घोट्याकडं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं उलटं घालतात. घरी एकदा घालून दाखवा. त्याच नियमात दागिन्यांना बंदी आहे, आणि वरून चिकटपट्टी लावून झाकलेलेही चालत नाहीत. गळ्यातली साखळी, हातातलं कडं, कानातलं, सगळं घरी. मुलींच्या आयांना खास सांगणं: कान टोचायचे असतील तर हंगाम संपल्यावर टोचा, कारण नवीन टोचलेल्या कानातलं काही आठवडे काढता येत नाही आणि पंच खेळू देत नाहीत.

घरी सरावाला बॉल घेणार असाल तर आठ वर्षांखाली 3 नंबर, आठ ते बारा 4 नंबर, तेरापासून 5 नंबर. लहान पोरानं 5 नंबरचा बॉल मारला की पाय दुखतो आणि लाथ मारायची सवयच चुकीची लागते.

पाणी आणि खाणं

उन्हाळ्यात सराव सकाळी सव्वासहाला सुरू होऊन आठला संपतो. रिकाम्या पोटी पाठवू नका. अर्धा तास आधी एक केळं किंवा दुधात भिजवलेला अर्धा भाकरीचा तुकडा पुरतो. भरपेट पोहे खाऊन आलेली पोरं पहिल्या दहा मिनिटांत पोट धरून बसतात. लिटरभर पाण्याची बाटली, तिच्यावर नाव. दर पंधरा-वीस मिनिटांनी सर पाण्यासाठी थांबवतात. स्पर्धेच्या दिवशी ओआरएस द्यायचं असेल तर औषधाच्या दुकानातलं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या पाण्यात घट्ट करून देऊ नका. खेळ झाल्यावर दूध, अंडं, पिठलं-भाकरी, घरात जे असेल ते. पावडरचे डबे विचारायला माझ्याकडं येऊ नका, मी नाहीच म्हणणार.

लागलं तर

फॉर्मच्या मागच्या बाजूला दमा, फिट, अॅलर्जी, जुनं ऑपरेशन, चालू गोळ्या यांची जागा आहे. ती कोरी सोडू नका. ‘कळलं तर घेणार नाहीत’ या भीतीनं एका आईनं दम्याचं लपवलं होतं. पोराला मैदानात धाप लागली तेव्हा त्याचा पंप घरी कपाटात होता. आम्ही त्याला घेतलंच असतं, पंप फक्त सरांच्या पिशवीत राहिला असता.

पाय मुरगळला तर खेळ बंद, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पट्टी, पाय उंच. आपल्याकडं तालमींमुळं मालिशवर फार विश्वास, मलाही आहे. पण सुजलेल्या घोट्यावर पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, चोळणं नको. चार पावलं टाकता येत नसतील तर थेट एक्स-रे.

दहा ते पंधरा वयात काही पोरांचा गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो, त्याआधीच्या वयात कुणाची टाच. हाड भराभर वाढत असतं आणि स्नायू ते ओढत असतात. पोरगं नाटक करत नाही. डॉक्टरांना दाखवा, सरांना सांगा, पळणं कमी करू. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं म्हणून पळवू नका.

डोक्याला लागलेलं मात्र वेगळं. मागं एका सामन्यात बारा वर्षांच्या दोघांची डोकी आपटली. एक लगेच उठला, हसला, ‘काही नाही’ म्हणाला. मी त्याला बाकावर बसवून पाणी दिलं. त्यानं विचारलं, ‘काकू, स्कोअर किती?’ मी म्हटलं, ‘एक-एक.’ बाटलीचं झाकण लावता लावता परत विचारलं, ‘स्कोअर किती?’ मी सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझे हात गार पडले. एक गोल त्यानं स्वतःच केला होता, आणि त्याला तो आठवत नव्हता. आम्ही तिथूनच त्याला दवाखान्यात नेलं. तो बरा झाला, पण पुन्हा मैदानावर यायला जवळपास महिना लागला, हळूहळू, डॉक्टरांच्या परवानगीनं.

तेव्हापासून नियम असा: डोक्याला जोरात लागलं की त्या दिवशी परत खेळ नाही. पोरगं रडलं, तुम्ही विनवलं, फायनल असली तरी नाही. उलटी, झोप येणं, तेच तेच विचारणं, डोळ्यांना उजेड न सोसणं, तोल जाणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना. लहान गटात आम्ही हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, शिकवतही नाही. अमेरिकेत 2015 पासून 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं, इंग्लंडच्या संघटनेनं 2020 मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढलं. घरी अंगणात बॉल डोक्यावर आपटून घेण्याच्या पैजा लावू देऊ नका.

सोडायला-न्यायला कोण

फॉर्मवर दोन माणसांची नावं आणि फोन नंबर लिहा. त्या दोघांशिवाय मी पोराला कुणाच्याही ताब्यात देत नाही, ओळखीचे काका असले तरी. तुम्ही आधी फोन केला तर गोष्ट वेगळी. उशीर झाला तर मी थांबते, पण कळवा.

कोणतेही सर एकट्या पोराला गाडीवर घेऊन जाणार नाहीत, वेगळं बोलावणार नाहीत, खासगी मेसेज करणार नाहीत. जे काही सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. कपडे बदलायच्या खोलीत मोबाईल कुणीच काढायचा नाही. आपलं पोरगं कुठल्या मोठ्या माणसाला टाळतंय, अचानक यायचं नाही म्हणतंय, असं वाटलं तर मला सांगा, मॅडमना सांगा. आमच्यावर विश्वास वाटत नसेल तर 1098 वर चाइल्डलाइनला फोन करा. त्याचा आम्हाला राग येणार नाही.

मुलींसाठी वेगळी खोली आहे, मॅडम आहेत, पॅड टेबलाच्या खणात असतात, मागावे लागत नाहीत. पाळीत खेळायचं की नाही हे मुलीनं ठरवायचं. वयात आली म्हणून मुलीला बंद करणारी घरं अजून आहेत. सातवीतली एक पोरगी आईच्या मागं उभी होती. आई मला समजावत होती की आता नको, काळी पडते, मोठी झाली. मागून आवाज आला, ‘काकू, मी खेळतो की!’ आई वळून तिच्याकडं बघत राहिली. ती पोरगी परवा गडहिंग्लजला स्पर्धेत गोलपोस्टमध्ये उभी होती आणि आई डबा घेऊन दुसऱ्या रेघेमागं.

बाहेरगावच्या स्पर्धेला पोरं सगळ्यांबरोबर एकाच गाडीनं जातात आणि एकाच गाडीनं येतात. पालक आपल्या गाडीनं मागून या, हरकत नाही. जेवण पोरांबरोबरच असेल तर सगळ्यांना एकच. आपल्या पोरापुरता वेगळा डबा काढू नका.

नवीन नावं रविवारी सकाळी सहा ते साडेआठ घेते. जन्मदाखल्याची मूळ प्रत दाखवायला आणा, झेरॉक्स ठेवून घेते. दोन पासपोर्ट फोटो, भरलेला फॉर्म, मागची बाजूसुद्धा. पहिल्या दिवशी बूट नसले तरी चालेल, साधे कॅनव्हासचे घालून पाठवा, पेटीत बघू. पालकांसाठी चिंचेखाली बाकडी टाकलीत, सकाळी तिथं सावली असते.